क्षेत्र कोणाचे? शरीरशास्त्र आणि देहाविषयीचा एक जुना वाद

परिचर्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेसाठी शरीराची जी प्राथमिक माहिती विद्यार्थी पाठ करतो, तिची मांडणी बहुतेक पुस्तकांत एकाच क्रमाने केलेली असते : पेशींपासून ऊती, ऊतींपासून अवयव, अवयवांपासून संस्था आणि संस्थांपासून शरीर. या चढत्या क्रमात कोठेही न येणारा आणि परीक्षेत कधी न विचारला जाणारा एक प्रश्न मात्र प्रत्येक पानामागे उभा असतो, आणि तो म्हणजे हे शरीर कोणाचे. 'माझे शरीर' या शब्दप्रयोगातील षष्ठी विभक्ती मालकी सांगते खरी, पण मराठी भाषाच ती मालकी सर्वत्र टिकू देत नाही. मराठीत माणूस चालतो, बोलतो, लिहितो. परंतु भूक त्याला लागते, झोप त्याला येते, ताप त्याला भरतो, ठसका त्याला लागतो. जी कामे शरीर आपणहून करते, त्यांच्या वाक्यांत माणूस कर्ता राहत नाही; काहीतरी त्याच्याकडे येते आणि तो ते येण्याचे ठिकाण होतो. शरीररचनाशास्त्र, म्हणजे शरीराच्या घडणीचा अभ्यास, आणि शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे त्या घडणीतून चालणाऱ्या कामांचा अभ्यास, ही दोन्ही शास्त्रे या व्याकरणाला जो दुजोरा देतात, त्याचा अर्थ तत्त्वज्ञानाच्या बाजूने तपासून पाहण्यासारखा आहे.

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला 'क्षेत्र' म्हटले आहे आणि ते जो जाणतो त्याला 'क्षेत्रज्ञ' म्हटले आहे. क्षेत्र म्हणजे शेत. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या शब्दाचा विस्तार करताना ज्ञानेश्वरांनी तो अक्षरशः शेताच्या अर्थानेच घेतला आणि या शेताच्या मालकीचा वाद अनेक पक्षांच्या तोंडून उभा केला. जीववाद्यांचे म्हणणे असे की शेत जीवाचे आहे. प्राण हे त्याचे कूळ असून अपान, व्यान, समान आणि उदान हे चौघे भाऊ त्याच्या घरी राबतात, मन देखरेख करते, आणि इंद्रियांचे बैल रात्र म्हणत नाहीत की पहाट म्हणत नाहीत. प्रकृतिवादी हे मुळीच मान्य करत नाहीत : त्यांच्या मते जीव हा रात्रीपुरता उतरलेला वाटसरू आहे, प्राण हा बलुतेदार आहे आणि म्हणूनच तो जागा राहतो, शेताचे वतन प्रकृतीचे आहे. पुढे संकल्पाला, स्वभावाला आणि काळाला मूळ मानणारे आपापली बाजू मांडतात. गावगाड्यातील कूळ, वतन, बलुते हे शब्द तत्त्वचर्चेत आणण्यामागे केवळ दृष्टान्ताची हौस नाही. जमिनीवर राबणारा एक, तिचे पीक खाणारा दुसरा आणि तिच्यावर हक्क सांगणारा तिसरा असू शकतो, ही गोष्ट शेतीच्या व्यवहारात रोज दिसणारी आहे. देहाच्या बाबतीत मात्र माणूस हे तिघे एकच आहेत असे धरून चालतो. आजचे शरीरशास्त्र या वादात कोणाच्या बाजूने साक्ष देते?

आधी रचनेची साक्ष. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह तपासण्याची रीत सांगितली आहे : विषाने न मेलेला, दीर्घ आजाराने न झिजलेला, शंभरी न गाठलेला आणि सर्व अवयव शाबूत असलेला देह घ्यावा, आतड्यांतील मळ काढून तो मुंज, साल, कुश किंवा ताग अशा वस्तूंनी गुंडाळावा, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात निवांत जागी कुजू द्यावा, आणि सात रात्रींनंतर वाळा, केस, वेळू यांच्या कुंच्यांनी हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहावा. ग्रंथात वाचलेले आणि प्रत्यक्ष पाहिलेले यांची सांगड पडली तरच ज्ञान वाढते, असा सुश्रुताचा स्पष्ट अभिप्राय आहे. याच ठिकाणी तो आणखी एक गोष्ट नोंदवतो, आणि तिचा उल्लेख त्या मानाने कमी होतो : देहात अत्यंत सूक्ष्म रूपाने असणारा जो आहे, तो चर्मचक्षूंना दिसत नाही, तो ज्ञानाच्या आणि तपाच्या डोळ्यांनीच दिसतो. शस्त्रकर्माच्या परंपरेतील आचार्याने मृतदेहाचे थर उलगडण्याची रीत सांगतानाच आपल्या शास्त्राची मर्यादा लिहून ठेवावी, हा बौद्धिक प्रामाणिकपणाचा फार मोठा नमुना आहे. ज्याचा शोध कुंच्याने लागणार नाही ते कुंच्याने सापडले नाही म्हणून नाही, असे तो म्हणत नाही. आणि ते आहे म्हणून कुंचा टाकून द्यावा, असेही म्हणत नाही.

हाडांच्या संख्येतही असाच एक धडा आहे. प्रवेशपरीक्षेचे उत्तर २०६ असे आहे. सुश्रुताची गणना ३०० आणि चरकाची ३६० आहे. चरकाने दात, त्यांची उखळे आणि नखे हाडांत धरली, तर आजचे शास्त्र ती धरत नाही. ३६० हा आकडा शतपथ ब्राह्मणातही येतो आणि तेथे त्याची जोड वर्षाच्या ३६० दिवसांशी घातली आहे, म्हणजे काळाचे शरीर आणि माणसाचे शरीर एकाच मापाने मोजले आहे. नवजात बालकात तर सुटे अस्थिभाग प्रौढापेक्षा बरेच अधिक असतात आणि वाढीबरोबर ते सांधले जातात, त्यामुळे २०६ ही संख्याही आयुष्याच्या एका टप्प्याची आहे. प्राचीनांना मोजता येत नव्हते असा निष्कर्ष यावरून काढणे उथळपणाचे होईल. कशाला 'एक' म्हणायचे हे मोजणाऱ्याने आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवणारी दृष्टी हाडांबरोबर टेबलावर मांडलेली नसते.

रचना मृतदेहातून शिकता येते. क्रिया शिकायला जिवंत देह लागतो. इटलीत पडुआ येथे शिकवणाऱ्या वेसेलियसने १५४३ मध्ये आपला शरीररचनेचा महाग्रंथ प्रसिद्ध केला, आणि इंग्लंडमध्ये विल्यम हार्वीने रक्त हृदयातून निघून हृदयाकडेच परत येते हे १६२८ मध्ये सप्रमाण मांडले. या दोहोंच्या मधल्या ८५ वर्षांत शास्त्राने ओलांडलेले अंतर मृतापासून जिवंतापर्यंतचे होते. ज्ञानेश्वरीतील त्या वादाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता असेल तर ती या दुसऱ्या शास्त्रातच आहे, कारण वाद जमिनीच्या बांधांचा नसून राबण्याचा आहे.

हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्याच्या, भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक यांनी त्याचे वर्णन केले आणि आज तो एसए नोड या नावाने पाठ्यपुस्तकात येतो. हृदयाचा प्रत्येक ठोका येथे सुरू होतो आणि तो सुरू होण्यासाठी मेंदूच्या आज्ञेची गरज नसते. हृदयरोपणात सर्व चेतातंतू कापले जातात, तरीही दात्याचे हृदय नव्या छातीत आपल्या लयीने चालते. हा पुंजका एकटाच असता तर हृदय मिनिटाला साधारण १०० वेळा धडधडले असते. विश्रांतीत ते सत्तरच्या आसपास राहते याचे कारण असे की मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची चेता त्याला सतत आवरून धरते. जीववाद्यांच्या शेतातील देखरेख करणाऱ्याचे काम येथे काहीसे वेगळे दिसते : तो राबणाऱ्याला कामाला लावत नाही, कामाला लागलेल्याला सबुरीने घ्यायला सांगतो. मिनिटाला सुमारे ५ लिटर या हिशेबाने दिवसाकाठी सात हजार लिटरांहून अधिक रक्त पुढे ढकलले जाते, आणि त्यातील एकाही थेंबाचा निर्णय ज्याला आपण 'मी' म्हणतो त्याने घेतलेला नसतो.

मूत्रपिंडांचा हिशेब याहून विलक्षण आहे. दोन्ही मूत्रपिंडांतील सूक्ष्म गाळण्या, ज्यांना नेफ्रॉन म्हणतात आणि ज्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख असतात, त्या मिळून दिवसाला अंदाजे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर वगळता सगळा परत घेतात. आधी जवळजवळ सर्व सोडून द्यायचे आणि मग ठेवण्यासारखे ते निवडून घ्यायचे, ही रीत कोणत्याही काटकसरी मालकाला उधळपट्टी वाटली असती. पण या रीतीमुळेच रक्तातील पाणी, क्षार आणि आम्लता यांचे माप अरुंद मर्यादेत राहते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने एकोणिसाव्या शतकात शरीराच्या आतल्या परिसराची कल्पना मांडली, आणि तो परिसर स्थिर राखण्याच्या व्यापाराला वॉल्टर कॅनन या अमेरिकी शास्त्रज्ञाने पुढे जे नाव दिले त्याला मराठीत समस्थिती म्हणतात. कॅननने १९३२ च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच हे देहाचे शहाणपण आहे असे सुचवले. आयुर्वेदात आरोग्याला 'स्वास्थ्य' म्हणतात, म्हणजे स्वतःच्या ठिकाणी असणे, आणि ते दोष, धातू व मल यांच्या साम्याने येते असे मानतात. दोन्ही शास्त्रांची परिभाषा आणि प्रमाणे भिन्न आहेत, त्यामुळे एकातून दुसरे सिद्ध करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, परंतु आरोग्य म्हणजे अखंड चाललेली राखण, हे दोघांनाही दिसले होते.

श्वासाचे तसे नाही. तो दोन्ही बाजूंचा आहे. माणूस ठरवून श्वास घेऊ शकतो, रोखू शकतो, लांबवू शकतो, आणि प्राणायामाची सारी साधना याच शक्यतेवर उभी आहे. पण ही मुभा मर्यादित आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला की मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत असलेले श्वसनकेंद्र संकल्पाला बाजूला सारून छाती उघडायला लावते, आणि केवळ श्वास रोखून धरून कोणालाही मरता येत नाही. गाढ झोपेत 'मी' पूर्णपणे मावळलेला असतो तेव्हाही मिनिटाला बारा ते वीस या प्रमाणात हे केंद्र काम करतच असते. प्राण हा बलुतेदार आहे म्हणून जागा राहतो, हे प्रकृतिवाद्यांचे वाक्य शरीरक्रियेचे पाठ्यपुस्तक उघडून ठेवून वाचले म्हणजे त्याची नेमकी जागा कळते.

या साक्षीपुढे जीववाद्यांची बाजू लंगडी पडते, हे मान्य करावे लागेल. ज्याला शेतातील कोणते काम कधी झाले हे ठाऊक नाही, ज्याच्या सांगण्यावाचून बहुतेक सारी कामे होतात आणि ज्याने थांब म्हटले तरी थांबत नाहीत, त्याला मालक म्हणणे कठीण आहे. मग मालक नाहीच असे का म्हणू नये? चार्वाकांनी तसेच म्हटले : किण्वापासून मद्याची धुंदी उपजावी तशी भूतांच्या मिश्रणातून जाणीव उपजते, असा त्यांचा दृष्टान्त आहे. बौद्धांनी वेगळ्या वाटेने तेच विचारले. मिलिंद राजाशी झालेल्या संवादात नागसेन रथाचा एकेक भाग पुढे ठेवून यात रथ कोणता असे विचारतो. शरीरक्रियाशास्त्राने त्याच्या प्रश्नाला आणखी धार दिली आहे, कारण या रथाचे भागही टिकत नाहीत. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते, हाडे सतत मोडून पुन्हा बांधली जातात. उलट, डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने गर्भावस्थेतली असतात आणि ती तशीच राहतात. वृद्ध माणूस आपल्या नातवंडाकडे जन्मापूर्वी घडलेल्या भिंगातून पाहत असतो. एका देहात इतक्या निरनिराळ्या वयांचे भाग नांदत असताना त्या सर्वांवर एकच नाव आणि एकच जन्मतारीख लावणारा कोण, हा प्रश्न भागांच्या यादीने सुटत नाही.

येथे गीतेच्या शब्दाकडे पुन्हा वळावे लागते. तो शब्द क्षेत्रपती नाही, क्षेत्रस्वामी नाही. तो क्षेत्रज्ञ आहे, आणि त्याची व्याख्या 'जो हे जाणतो' एवढीच आहे. ज्ञानेश्वरांनी मालकी सांगणारे इतके पक्ष उभे केले आणि त्यांतल्या कोणालाही अखेरचा निवाडा मिळू दिला नाही, याचा सर्वात सरळ अर्थ असा लागतो की प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला जात होता. कोण राबतो आणि कोण मालक, यावर भांडणारे सर्व जण शेतातच उभे आहेत; शेत जाणले जाते ही गोष्ट त्यांच्यापैकी कोणाच्याही हिशेबात नाही. शरीरशास्त्राने जीवाची मालकी खोडून काढली, पण जाणण्याला त्याने हात लावलेला नाही आणि तो त्याचा प्रांतही नाही.

हे केवळ शब्दांचे अंतर आहे असे ज्याला वाटेल, त्याने रुग्णालयातील खाटेशी चालणारे काम पाहावे. तापमान, नाडी, श्वसनाची गती आणि रक्तदाब ही जीवनलक्षणे परिचारिका मोजते. त्यांसाठी उपकरण, घड्याळ आणि शिकलेला हात पुरतो, आणि रुग्ण बेशुद्ध असला तरी ती मोजता येतात. वेदनेचे तसे नसते. वेदना किती आहे हे रुग्णालाच विचारावे लागते, आणि शून्य ते दहा या मापावर त्याने सांगितलेला अंक तक्त्यात लिहावा लागतो. नाडी जलद झाली, कपाळाला घाम आला, चेहरा आखडला, या खुणा वेदनेच्या असू शकतात, पण वेदना त्या खुणांत नसते. एकाच तक्त्यावर शेजारी लिहिलेल्या या दोन अंकांत, मोजलेल्या आणि सांगितलेल्या अंकांत, क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांतील सारे अंतर सामावलेले आहे. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत ज्याला साक्षी म्हटले आहे, त्याची साक्ष दिवसातून कित्येकदा कोणी रीतसर नोंदवून घेत असेल, तर ती परिचारिका होय.

देहाविषयीच्या तिरस्काराचा विचारही याच संदर्भात करायला हवा, कारण भारतीय धर्मवाङ्मयात तो तिरस्कार जागोजाग आढळतो. समर्थ रामदासांच्या दासबोधात तिसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात गर्भवासाचे आणि देहाच्या अमंगळपणाचे वर्णन अंगावर येईल इतके उघडे आहे; आणि त्याच दासबोधाच्या पहिल्या दशकाचा शेवटचा समास नरदेहाच्या स्तवनाला वाहिलेला आहे. ग्रंथकाराला हा विरोध दिसला नसेल असे मानणे अशक्य आहे. बौद्ध परंपरेत केस, नखे, दात यांपासून मूत्रापर्यंत शरीराच्या भागांची यादी मनात घोळवण्याची साधना आहे, आणि ती यादी वाचताना शरीररचनेच्या पुस्तकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. या सर्व वर्णनांचा रोख साधकाच्या स्वतःच्या देहाकडे, त्यावरच्या आसक्तीकडे आहे. दुसऱ्याच्या देहाकडे किळसेने पाहण्याची परवाना-चिठ्ठी त्यांतून निघत नाही. समाजाने मात्र ती काढली. मृतदेहाचा, रक्ताचा, बाळंतिणीचा विटाळ मानला गेला, त्यांना हात लावण्याची कामे ज्यांच्याकडे होती त्यांना हलके लेखले गेले, आणि ज्या देशात सुश्रुताने शवाचा अभ्यास आवश्यक ठरवला होता तेथे १८३६ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले तेव्हा ती अपूर्व घटना ठरली. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः त्या साथीला बळी पडल्या. देह नश्वर आहे हे त्यांनी ज्या अर्थाने जाणले होते, तो अर्थ विटाळ मानणाऱ्यांच्या वैराग्यात नव्हता. सुश्रुत तर दोष आणि धातूंबरोबर मलांनाही देहाच्या मुळांत गणतो. म्हणून मोजून ठेवलेल्या मूत्राचा आकडा हा त्या १८० लिटरांच्या राबणुकीचा ताळेबंद असतो आणि तो लिहिणाऱ्या हाताला कमीपणा येण्याचे काहीच कारण नाही.

राबणारा आणि जाणणारा हे एक नव्हेत, हे एका परिस्थितीत सर्वात कठोरपणे दिसते. मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूला मेरुरज्जूशी जोडणारा आणि श्वसनकेंद्र पोटात वागवणारा भाग, कायमचा निकामी झाला तरी कृत्रिम श्वसनयंत्राच्या मदतीने हृदय काही काळ चालू राहते, त्वचा उबदार राहते, मूत्रपिंडे गाळत राहतात. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने या अवस्थेला मृत्यू मानले. तो कायदा प्रथमपासून लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही होती. मृत्यूचा हा निर्णय डॉक्टरांच्या मंडळाने करायचा असतो आणि चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा घ्यायच्या असतात. नातलगांना हे पटायला जड जाते यात अज्ञान नाही, कारण चौघे भाऊ राबताना त्यांच्या डोळ्यांसमोर दिसत असतात. ज्याच्यासाठी ते राबत होते तो उरलेला नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसू शकत नाही. सुश्रुताने सांगितलेली मर्यादा येथे उलट्या बाजूने पुन्हा समोर येते. अशा वेळी एखादे कुटुंब अवयवदानाला होकार देते तेव्हा ते काय देते, याचे उत्तर मालकीच्या भाषेत नीट देता येत नाही. शेत राखण्यापुरते त्यांच्या हाती आलेले असते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण; आणि प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाचे गुण म्हणजे उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयीचा अनुराग आणि शुचिता. रुग्णाच्या चार गुणांत स्मृती, सांगितल्याप्रमाणे वागणे आणि निर्भयपणा यांच्याबरोबर 'ज्ञापकत्व' येते. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होत आहे ते दुसऱ्याला कळवता येणे. चरकाने हा गुण रुग्णाच्या बाजूला लिहिला आहे, आणि तो ऐकून घेणाऱ्याच्या बाजूला अनुराग लिहिला आहे.